परदेशात सणाचा दिवस कोणता धरावा : राहत्या गावाच्या पंचांगाचा की मूळ घरच्या?

आइंडहोवनवासी

नमस्कार. आम्ही नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे राहतो आणि घरी दीड दिवसाचा गणपती बसवतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, चतुर्थीच्या तारखेवरून आमच्या घरी बराच खल झाला. साताऱ्याहून सासूबाईंनी कळवले की कॅलेंडरात २७ ऑगस्ट, बुधवार आहे, तेव्हा गणपती बुधवारीच बसला पाहिजे. संकेतस्थळावर आमच्या शहराचे नाव घालून पंचांग पाहिले, तर तेथे २६ ऑगस्ट, मंगळवार असे स्पष्ट दिले होते. येथील मराठी मंडळाने मात्र सर्वांच्या सोयीसाठी ३० ऑगस्टचा शनिवार निवडला होता. एका गणपतीला तीन तारखा झाल्या आणि प्रत्येक तारखेमागे कोणीतरी ठामपणे उभे होते.

या वर्षी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा, अशी इच्छा आहे. परदेशात राहणाऱ्याने राहत्या गावाची तिथी धरावी की भारतातील? शनिवार-रविवारी सण साजरा करणे कितपत योग्य आहे? आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी भारतातील तारीख पाळली, तर त्यात काही चुकते का? ‘देव भावाचा भुकेला आहे’ एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ते मला मान्यच आहे, परंतु त्यावरून रजेचा अर्ज कोणत्या तारखेचा भरायचा हे ठरत नाही.

पंचांगवाचक (एडिसन, न्यू जर्सी)

आपल्या तीन तारखांपैकी दोन पंचांगाच्या आहेत आणि तिसरी मंडळाच्या सोयीची आहे. पहिल्या दोन तारखांमध्ये फरक का पडतो, हे आधी सांगतो.

चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर बारा अंशांनी वाढण्यास जो काळ लागतो, ती एक तिथी. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे ही तिथी कधी १९ तासांच्या आसपास आटोपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. ती सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. प्रत्येक गावाच्या घड्याळात त्या क्षणी वेगवेगळी वेळ, आणि पुष्कळदा वेगळा वारही, असतो एवढेच. तिथी जगभर एकच आहे, तर मग सणही एकाच दिवशी का नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर ‘कर्मकाल’ या संकल्पनेत आहे. प्रत्येक व्रताला दिवसाचा किंवा रात्रीचा एक ठरावीक भाग नेमून दिलेला असून त्या भागात ती तिथी असावी लागते. गणेश चतुर्थीला मध्याह्न, लक्ष्मीपूजनाला प्रदोष, जन्माष्टमीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय आणि गुढीपाडव्याला सूर्योदय पाहतात. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्याय यांनी १७९० मध्ये रचलेल्या ‘धर्मसिंधु’ या ग्रंथात हे निर्णय एकत्र केलेले आहेत आणि मराठी पंचांगकर्ते आजही त्यांचा आधार घेतात. सूर्योदय, मध्याह्न आणि चंद्रोदय या गोष्टी पूजा करणाऱ्याच्या डोक्यावरील आकाशात घडतात. त्यामुळे साताऱ्याच्या मध्याह्नाला आइंडहोवनमध्ये गणपती बसवायचा म्हटले, तर तेथे नुकते उजाडलेले असते.

आता गेल्या वर्षीची चतुर्थी पाहू. ती भारतीय वेळेनुसार २६ ऑगस्टला दुपारी १.५४ वाजता सुरू होऊन २७ ऑगस्टला दुपारी ३.४४ वाजता संपली. दिवसाचे पाच समान भाग केले, तर त्यातील मधला भाग म्हणजे मध्याह्नकाळ. मुंबईत २६ तारखेला तो संपता संपता चतुर्थी लागत होती, आणि २७ तारखेला मात्र तो पूर्णपणे चतुर्थीत होता. म्हणून महाराष्ट्रात २७ ऑगस्ट ही तारीख निर्विवाद होती. हीच चतुर्थी आपल्या घड्याळाप्रमाणे २६ ऑगस्टला सकाळी १०.२४ ते २७ ऑगस्टला दुपारी १२.१४ अशी होती. आता कोणी म्हणेल की २७ तारखेलाही दुपारी बारा वाजता चतुर्थी होतीच. परंतु घड्याळातील बारा म्हणजे मध्याह्न नव्हे. आपल्याकडे उन्हाळी वेळ चालू असताना सूर्य डोक्यावर येण्यास दीड वाजून जातो आणि मध्याह्नकाळच मुळी सव्वाबाराच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे तो लागण्याच्या बेतात असताना चतुर्थी संपली. २६ तारखेचा मध्याह्न मात्र पूर्ण चतुर्थीत होता. आपल्या संकेतस्थळाने दिलेला मंगळवार बरोबर होता, जरी अगदी थोडक्यात.

अमेरिकेत आम्हांला याची सवय आहे, कारण आमचे घड्याळ भारताच्या साडेनऊ ते साडेतेरा तास मागे असल्यामुळे सण एक दिवस आधी येणे हे नेहमीचेच आहे. क्वचित याहून गमतीचे प्रसंगही येतात. २०२५ च्या गुढीपाडव्याची प्रतिपदा न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे २९ मार्चला सकाळी सात वाजण्याच्या सुमारास, सूर्योदय होऊन काही मिनिटे झाल्यावर, सुरू झाली आणि त्याच रात्री उजाडण्यापूर्वी संपली. तिला सूर्योदय मिळालाच नाही, म्हणजे तेथे प्रतिपदेचा क्षय होता. त्यातच त्या सकाळी सूर्य उगवला तोच खंडग्रास ग्रहण लागलेल्या स्थितीत. कॅलिफोर्नियात मात्र तीच प्रतिपदा पहाटे चारच्या सुमारास लागल्यामुळे तिला २९ तारखेचा सूर्योदय मिळाला, आणि महाराष्ट्रात गुढी ३० मार्चला उभी राहिली.

तात्पर्य, रजेचा अर्ज राहत्या शहराच्या पंचांगाप्रमाणे भरावा. भारतात छापलेल्या पंचांगातील वेळांमधून तास वजा करून मिळते ती केवळ तिथीची वेळ. सणाचा दिवस काढण्यासाठी आपल्या गावाचा सूर्योदय आणि सूर्यास्तही हाताशी असावा लागतो.

जुनी लंडनकर

वरील विवेचन अचूक आहे, परंतु त्यात शनिवारच्या प्रश्नाला हात घातलेला नाही, आणि परदेशातील बहुतेक घरांत खरी अडचण तीच असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इतक्या पिढ्यांनी येथे सण केले आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना चतुर्थीची रजा मिळत नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

माझे मत असे आहे की घरची पूजा आणि मंडळाचा कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व त्यांची सरमिसळ केल्यामुळेच वाद होतात. घरी प्रतिष्ठापना तिथीलाच करावी. तिला फार वेळ लागत नाही. कार्यालयात जाण्यापूर्वी किंवा दुपारी घरून काम करताना ती सहज होते. मंडळाचा शनिवार हा आरती, अथर्वशीर्षाची आवर्तने, मुलांची नाटुकली आणि पंगत यांच्यासाठी असतो. तो शनिवार चतुर्थी ते अनंत चतुर्दशी या दिवसांत पडत असेल, तर शास्त्राच्या दृष्टीनेही बोलण्यास जागा नाही, कारण उत्सव चालूच असतो. आपल्या मंडळाची ३० ऑगस्ट ही तारीख त्यात नीट बसत होती. मला खटकते ते चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी केवळ सभागृह मिळाले म्हणून गणपती बसवणे. एकदा तर सभागृहाच्या उपलब्धतेमुळे लक्ष्मीपूजन तुळशीच्या लग्नानंतर झालेले मी पाहिले आहे. त्याला दिवाळी संमेलन म्हणावे आणि आनंदाने जावे, पूजा म्हणू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्या परंपरेने पुष्कळ सणांना मुळातच सवड ठेवलेली आहे आणि परदेशात आल्यावर तिचा उपयोग करून घेण्याचे आपण विसरतो. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी करता येते, त्यामुळे त्यात एखादा तरी रविवार हमखास मिळतो. चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते. तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लावतात. श्रावणातील सत्यनारायणाला तर कोणताही दिवस चालतो. याउलट मंगळागौर मंगळवारीच होते. तेथे शनिवार चालत नाही. खेळ मात्र शनिवारी खेळावेत, ते कोणी अडवलेले नाहीत. कोजागरीची रात्र एकच असते. गौरी तर तिथीवर नसून नक्षत्रावर असतात : अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे गणपती अमुक दिवशी बसले म्हणून गौरी तमुक दिवशी, असे बोटांवर मोजून चालत नाही. ज्या घरी गौरी आहेत, त्यांनी नक्षत्राची वेळ वेगळी पाहावी लागते. अनेकांना हे ठाऊक नसते, कारण भारतात कॅलेंडर आपल्यासाठी हे सारे पाहून ठेवते.

दिवाळीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२४ मध्ये अमावास्या भारतीय वेळेनुसार ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागून १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहा वाजता संपली. दोन्ही संध्याकाळी ती थोडीफार असल्यामुळे भारतातच दोन मते झाली. महाराष्ट्रातील प्रचलित पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, तर उत्तरेत अनेकांनी ३१ ऑक्टोबर धरला. येथे लंडनमध्ये मात्र कोणताच संशय नव्हता, कारण १ नोव्हेंबरला दुपारी पाऊणच्या सुमारास अमावास्या संपली आणि अमावास्येची संध्याकाळ ३१ ऑक्टोबरचीच उरली. त्याच दिवशी हॅलोविन असल्यामुळे दारात पणत्या लावल्यावर रस्त्यावरील वेशधारी मुलांना वाटले की ही सजावट त्यांच्यासाठीच आहे, आणि चकलीचे तबक बघता बघता रिकामे झाले. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांना दिवाळीची स्वतंत्र सुट्टी प्रथम त्याच वर्षी मिळाली, परंतु ती १ नोव्हेंबरला. त्या दिवशी तेथे शाळा भरण्याच्या वेळेसच अमावास्या संपली होती. सुट्टी मिळाली हेच मोठे आहे, त्यामुळे मी त्यावर अधिक टीका करणार नाही.

पश्चिम किनारा (कॅलिफोर्निया)

मी वरील दोघांशी अंशतः असहमत आहे. या चर्चेत सण म्हणजे जणू प्रत्येक व्यक्तीने आपल्या गावी स्वतंत्रपणे करावयाचे व्रत, असे गृहीत धरले गेले आहे. कोकणातील पुष्कळ घराण्यांत तसे नसते. आमच्याकडे गणपती एकच, आणि तो राजापूरजवळच्या मूळ घरी बसतो. भाऊबंद मुंबईत असोत, पुण्यात असोत की आणखी कोठे, चतुर्थीला जमेल त्याने गावी जायचे आणि ज्याला जमत नाही त्याने आपल्या ठिकाणी नमस्कार करायचा, ही रीत आहे. घर वेगळे झाले, चूल वेगळी झाली, तरी गणपती वेगळा होईलच असे नाही. तो घरातील थोरांच्या संमतीने होतो. अशा घरातील माणसाने परदेशात स्थानिक पंचांग उघडून दुसरा गणपती बसवण्यापेक्षा मूळ घरच्या पूजेत सहभागी व्हावे, असे मला वाटते. तेव्हा आइंडहोवनच्या ताईंनी आधी हे सांगावे की साताऱ्यास गणपती बसतो का, आणि त्यांचा गणपती हा त्याच कुळाचाराचा भाग आहे की नवीन सुरू केलेला आहे.

आम्ही काय करतो तेही सांगतो. गावी सकाळी अकराच्या सुमारास पूजा सुरू होते, तेव्हा आमच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. आम्ही अंघोळ करून बसतो, दूरध्वनीच्या पडद्यावर पूजा पाहतो, आरती येथूनही म्हणतो आणि उकडीचे मोदक रात्री अकरा वाजता खातो. तारखेच्या हिशेबाने पाहिले, तर गेल्या वर्षी आमची ही आरती २६ ऑगस्टलाच झाली, म्हणजे स्थानिक पंचांगाचा आणि आमचा दिवस एकच आला. याउलट ज्यांनी भारतातील कॅलेंडर पाहून कॅलिफोर्नियात २७ ऑगस्टला सकाळी गणपती बसवला, त्यांच्या पूजेच्या वेळी भारतात संध्याकाळ होऊन पंचमी लागलेली होती, आणि येथेही पहाटेपासून पंचमीच होती. छापील तारीख जशीच्या तशी उचलणे हे या दोन्ही पक्षांना सोडून आहे, एवढे मीही मान्य करतो.

आणखी एक मुद्दा आहे. काही सण आकाशाला बांधलेले आहेत, हे खरे. परंतु काही सण जागेला बांधलेले आहेत. आषाढी एकादशीला पंढरपुरात पहाटे महापूजा होते, वारी त्या दिवशी तेथे पोहोचलेली असते, आणि आमच्या घरातील सर्वांचे लक्ष त्या गावाकडे लागलेले असते. उपवासाची एकादशी आपापल्या सूर्योदयाप्रमाणे जरूर धरावी, परंतु विठ्ठलाची ती पहाट आमच्या दुपारी येते, म्हणून ती आम्ही दुपारीच ऐकतो.

पंचांगवाचक (एडिसन, न्यू जर्सी)

कुळाचाराचा मुद्दा योग्य आहे आणि तो तिथीच्या गणिताच्याही आधी येतो. मूर्ती कोठे बसते हे घरची रीत ठरवते. ती जेथे बसते, तेथील मध्याह्न कोणता हे पंचांग ठरवते. मूळ घरच्या पूजेत सहभागी होणाऱ्याने भारतातील वेळ धरणे त्यामुळे सुसंगतच आहे.

प्रश्नकर्त्या ताईंच्या तिसऱ्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की युरोपची स्थिती अमेरिकेहून बरीच सौम्य आहे. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आपल्याकडे सूर्योदयास चतुर्थीच होती आणि दुपारी १२.१४ पर्यंत ती चालू होती. सासूबाईंच्या शब्दाखातर त्या दिवशी सकाळी दहा-अकराला पूजा आटोपली असती, तर मध्याह्नाचा मुख्य काळ साधला नसता, परंतु पूजा चतुर्थीतच झाली असती. मी स्वतः मंगळवार धरला असता, मात्र बुधवार धरणाऱ्याला दोष दिला नसता.

आइंडहोवनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साताऱ्यास थोरल्या दिरांकडे गणपती बसतो, परंतु आम्ही वेगळे झाल्यावर सासूबाईंनीच आम्हांला स्वतंत्र गणपती बसवण्यास सांगितले होते, त्यामुळे आमचा गणपती आमच्याच घरचा आहे. मध्याह्नाचे स्पष्टीकरण मी त्यांना दूरध्वनीवर वाचून दाखवले. ‘तुमच्याकडे सूर्यसुद्धा उशिरा डोक्यावर येतो तर’, एवढे म्हणून त्यांनी स्थानिक तारखेस संमती दिली.

दोन शंका उरल्या आहेत. मी संकष्टी करते. उन्हाळ्यात येथे चंद्रोदय फार उशिरा होतो आणि बऱ्याच वेळा ढग असतात. अशा वेळी उपवास कधी सोडावा? आणि यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या, गणपती व दिवाळीच्या तारखा येथे वेगळ्या आहेत का?

जुनी लंडनकर

संकष्टीला आपल्या गावाचाच चंद्रोदय धरायचा, भारतातील नव्हे. भारतात चंद्र उगवतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचा चहाही झालेला नसतो आणि चंद्र क्षितिजाखाली असतो. ढग असले तर चंद्रदर्शनासाठी ताटकळत बसण्याची गरज नाही. पंचांगात दिलेली चंद्रोदयाची वेळ झाली की अर्घ्य द्यावे आणि जेवावे. मुंबईतही ऐन पावसाळ्यात सर्वजण तसेच करतात. जून-जुलैमध्ये आपल्या अक्षांशांवर ही वेळ मध्यरात्रीच्या आसपास जाते, कारण त्या दिवसांत चंद्र आकाशात फार खालून प्रवास करतो. माझ्या ओळखीतील मधुमेह असलेल्या एका बाईंनी उन्हाळ्यातील तेवढे महिने दिवसभर उपवासाचे पदार्थ खाण्याचा आणि रात्री केवळ अर्घ्य देण्याचा नेम ठेवला आहे, तो मला शहाणपणाचा वाटतो. हिवाळ्यात चंद्र संध्याकाळीच वर येतो आणि जेवण वेळेवर होते.

पंचांगवाचक (एडिसन, न्यू जर्सी)

यंदा गणपतीची चिंता नाही. आपल्याकडे चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी, पहाटे साडेतीनच्या पुढे लागते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारनंतर संपते, त्यामुळे सोमवारचा संपूर्ण मध्याह्न तिच्यात आहे. साताऱ्यासही सोमवारच आहे आणि आमच्याकडेही सोमवारच आहे. दीड दिवसाचा गणपती असल्यामुळे रजा सोमवार आणि मंगळवारची घ्यावी.

लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी रविवार असून सातारा, आइंडहोवन, लंडन आणि न्यू जर्सी या सर्व ठिकाणी त्याच संध्याकाळी अमावास्या आहे. फरक आहे तो अभ्यंगस्नानात. भारतात नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच रविवारी येतात. आपल्याकडे चतुर्दशी रविवारी सकाळी सात वाजण्यापूर्वी संपते, म्हणून उटणे लावून अंघोळी त्याआधी आटोपाव्या लागतील; तेथे सूर्योदय पावणेआठच्या सुमारास असल्यामुळे तेव्हा अंधारच असेल. आम्हां अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लोकांची चतुर्दशी मात्र शनिवारच्या मध्यरात्रीनंतर लागलीच संपते, त्यामुळे आमची पहिली अंघोळ शनिवारी, ७ नोव्हेंबरला, पहाटे होईल.